जुन्या नेटवर्क कार्डांचे दुभाषे

नवे यंत्र आले की त्याचे कौतुक होते. जुने यंत्र चालत असेपर्यंत कोणाच्या लक्षातही येत नाही, आणि बंद पडले म्हणजे मात्र त्याची आठवण होते. संगणकाच्या बाबतीत हे विशेषच खरे आहे. वीस-तीस वर्षांपूर्वीचा संगणक कोठे एखाद्या कारखान्यातील यंत्रास जोडलेला असतो, कोठे प्रयोगशाळेतील एखादे उपकरण चालवीत असतो, तर कोठे एखाद्या हौशी माणसाने जिवापाड जपून ठेवलेला असतो. त्यातील नेटवर्क कार्ड जसेच्या तसे राहते. परंतु ते कार्ड चालविणारी आज्ञावली ज्या मोठ्या प्रणालीचा भाग असते, ती प्रणाली सतत बदलत असते. मग त्या जुन्या कार्डाच्या आज्ञावलीतही बदल करावे लागतात. हे बदल योग्य आहेत की नाहीत हे कोणी व कसे पाहावयाचे, आणि ज्या कार्डासाठी बदल करावयाचा ते कार्डच समोर नसेल तर काय करावयाचे, या प्रश्नांचा विचार प्रस्तुत लेखात करण्याचे आम्ही योजिले आहे. उदाहरणे लिनक्स प्रणालीतील घेतली आहेत. कारण तिची आज्ञावली सर्वांस वाचावयास खुली आहे आणि तिच्यात झालेल्या बदलांचा इतिहास जपून ठेवलेला आहे.

१. कार्ड आणि त्याचा दुभाषा

तारेने जोडलेल्या एका संगणकाकडून दुसऱ्याकडे निरोप पाठविण्याची जी पद्धत आज जगभर रूढ आहे, तिला ‘ईथरनेट’ म्हणतात. ती १९७३ मध्ये अमेरिकेतील पालो आल्टो येथे, झेरॉक्स कंपनीच्या संशोधन केंद्रात, रॉबर्ट मेटकाफ आणि डेव्हिड बॉग्ज यांच्या प्रयत्नांतून जन्मास आली. १९८३ मध्ये ‘८०२.३’ या क्रमांकाने तिचे प्रमाण ठरले. संगणकास या तारेशी जोडण्यासाठी त्याच्या पोटात जी पट्टी बसवितात, तिलाच नेटवर्क कार्ड म्हणतात. नॉव्हेल कंपनीचे ‘एनई२०००’, थ्रीकॉम कंपनीचे ‘३सी५०९’ आणि त्यानंतर रियलटेक कंपनीच्या ‘८१३९’ या चिपवर बांधलेली स्वस्त कार्डे ही त्या काळी कचेऱ्यांत आणि घरांत सर्वत्र आढळणारी नावे होत. पहिल्या दोन कार्डांचा वेग सेकंदाला एक कोटी बिट होता. तिसऱ्याचा दहा कोटी.

प्रत्येक कार्डाची बोली निराळी असते. ‘हा निरोप पाठव’ एवढेच सांगावयाचे असले, तरी एका कार्डाच्या एका खान्यात एक आकडा लिहावा लागतो, आणि दुसऱ्याच्या भलत्याच खान्यात भलताच आकडा. मुख्य प्रणाली या सगळ्या बोली शिकत बसत नाही. ती आपल्या एकाच भाषेत आज्ञा देते; आणि ती आज्ञा त्या त्या कार्डाच्या बोलीत समजावून सांगण्याचे काम ‘ड्रायव्हर’ नावाची लहानशी आज्ञावली करते. आमच्यापैकी ज्यांच्या घरात कोकणी आणि शाळेत मराठी आहे, त्यांस दुभाषाचे काम वेगळे समजावून सांगावयास नको. आजीचा शब्द गुरुजींस आणि गुरुजींचा शब्द आजीस पोचविणारे मूल जे करते, तेच ड्रायव्हर करतो. दोन्ही बाजू शहाण्या असल्या, तरी दुभाषा चुकला म्हणजे व्यवहार बिघडतो.

लिनक्स प्रणालीचा गाभा लिनस टोरवाल्ड्स यांनी हेलसिंकी येथे विद्यार्थी असताना १९९१ मध्ये लिहावयास घेतला. त्यातील जुन्या ईथरनेट कार्डांचे पुष्कळसे ड्रायव्हर त्या दशकात डोनाल्ड बेकर यांनी लिहिले. ते नासा या संस्थेच्या गॉडर्ड केंद्रात काम करीत असत. साधे, बाजारात मिळणारे संगणक एकमेकांस जोडून १९९४ मध्ये तेथे ‘बेओवुल्फ’ नावाचा संगणकसमूह उभारण्यात आला; त्या उभारणीत टॉमस स्टर्लिंग यांच्याबरोबर बेकर यांचा मोठा वाटा होता. स्वस्त कार्डांनीही मोठे काम होऊ शकते, हे त्या प्रयोगाने दाखवून दिले. या ड्रायव्हरांचे मोल तेव्हापासूनचे आहे.

२. परीक्षणाची रीत

ज्यास बदल सुचवावयाचा असतो, तो सगळी आज्ञावली नव्याने लिहून पाठवीत नाही. फक्त बदललेल्या ओळी सर्वांपुढे ठेवतो. काढावयाच्या ओळीच्या आधी वजाचे चिन्ह असते आणि घालावयाच्या ओळीच्या आधी अधिकाचे. या सादर केलेल्या बदलास ‘पॅच’ म्हणजे ठिगळ असे नाव आहे, आणि ते अगदी अन्वर्थक आहे. जुन्या कापडाला ठिगळ लावताना कापडाचा पोत पाहावा लागतो, तसेच येथेही आहे.

ठिगळाबरोबर बदलाचे कारण लिहावे लागते. खाली कर्त्याची सही असते. ‘हे काम देण्याचा मला अधिकार आहे’ अशी ग्वाही देणारी ही सहीची रीत लिनक्समध्ये २००४ पासून सुरू झाली. ज्याने ओळी वाचून तपासल्या तो ‘परीक्षण केले’ म्हणून आपले नाव देतो; ज्याने खऱ्या यंत्रावर चालवून पाहिले तो ‘चाचणी घेतली’ म्हणून देतो. या दोन गोष्टी निराळ्या आहेत, आणि त्या निराळ्या नोंदविल्या जातात, हे लक्षात ठेवण्याजोगे आहे. वाचणे म्हणजे चालवून पाहणे नव्हे. आणि एकदा चालले म्हणजे ते बरोबर आहे असेही नव्हे.

परीक्षक साधारणतः पुढील गोष्टी पाहतो. बदलाचे कारण खरे आहे काय? ठिगळ तेवढेच काम करते की त्याच्याआडून दुसरे काही शिरले आहे? एकाच ड्रायव्हरवर चालणाऱ्या सर्व जातींच्या कार्डांस तो बदल मानवेल काय? काम अर्ध्यावर फसले, तर तोपर्यंत घेतलेली स्मृती व इतर साधने परत केली जातात काय? हे सर्व झाल्यावरही आणखी एक संकेत आहे. केवळ नीटनेटकेपणासाठी, दुसरे काही काम नसताना, आज्ञावलीस हात लावू नये, असे लिनक्सच्या नेटवर्क विभागाने आपल्या नियमांत लिहून ठेवले आहे. प्रथमदर्शनी हा नियम विचित्र वाटतो. स्वच्छता वाईट कशी असेल? त्याचे उत्तर पुढील उदाहरणांत मिळेल.

३. जिचे कारण दिसत नाही अशी ओळ

एनई२००० कार्डाचा प्राण म्हणजे नॅशनल सेमिकंडक्टर कंपनीची ‘८३९०’ ही चिप. या कार्डावर १६ किलोबाइट स्मृती असते, आणि ती २५६ बाइटांच्या पानांत विभागलेली असते. आलेले निरोप या पानांवर रहाटगाडग्याप्रमाणे गोलाकार भरत जातात. संगणकाने ते वेळेवर उचलले नाहीत, तर एक वेळ अशी येते की सगळी पाने भरतात आणि नव्या निरोपास जागा उरत नाही. अशा वेळी चिप थांबवून, थोडे थबकून, पाने मोकळी करून ती ठरावीक क्रमाने पुन्हा चालू करावी लागते.

किती थबकावयाचे? चिपच्या कर्त्यांनी १.६ मिलिसेकंद सांगितले. ड्रायव्हरमध्ये मात्र निदान १० मिलिसेकंद थांबण्याची आज्ञा आहे. एक गिगाहर्ट्झ गतीच्या प्रोसेसरच्या घड्याळाचे तेवढ्या वेळात एक कोटी ठोके पडतात. नवख्या सुधारकास वाटेल की हा निव्वळ अपव्यय आहे. चिपच्या अंगावर ‘मी थांबले’ असे दाखविणारी खूण असते, तीच का पाहू नये? येथेच मेख आहे. सुरुवातीच्या माहितीपत्रकांत तीच खूण पाहावी असे लिहिले होते. पुढच्या पत्रकांत मात्र ती खूण भरवशाची नाही, तिकडे लक्ष देऊ नये, असे सांगण्यात आले. ती दहा मिलिसेकंदांची ओळ म्हणजे अनुभवाने शिकलेले शहाणपण आहे. सुदैवाने ड्रायव्हर लिहिणाऱ्याने तेथेच टीप लिहून ठेवली, म्हणून आज तिचे कारण कळते. टीप नसती तर?

दुसरे उदाहरण याच कार्डाचे. प्रत्येक ईथरनेट कार्डास सहा बाइटांचा, म्हणजे ४८ बिटांचा, स्वतःचा पत्ता असतो. एनई२००० मध्ये हा पत्ता एका लहान कायम स्मृतीत असतो. पत्ता सहाच बाइटांचा. पण ड्रायव्हर तेथून ३२ बाइट वाचतो. का? सोळा बिटांच्या जागेत बसविलेल्या कार्डातून प्रत्येक बाइट दोनदा येतो. जोडीतील दोन्ही बाइट सारखे निघाले तर कार्ड सोळा बिटांचे, न निघाले तर आठ बिटांचे, असा निर्णय ड्रायव्हर या वाचनावरूनच करतो. शिवाय पुढे इंग्रजी ‘डब्ल्यू’ हे अक्षर दोनदा आढळते काय, हे पाहून कार्ड खरोखर या जातीचे आहे काय याची पारख होते. ‘पत्ता सहा बाइटांचा, मग सहाच वाचू’ अशी सुधारणा जो करील, त्याच्या हातून पत्ता तर बिघडेलच, पण कार्डाची ओळखही हरवेल.

मराठी वाङ्मयाच्या वाचकांस ही अडचण अपरिचित नाही. ज्ञानेश्वरीच्या पोथ्या हातोहात उतरताना पाठ बिघडत गेले, म्हणून एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे इ. स. १५८४ मध्ये, अनेक प्रती ताडून तिचे शुद्धीकरण केले. आणि पुढे कोणी त्यात आपली ओवी घालू नये असे बजावून ठेवले. जुना शब्द अडला म्हणून तेथे सोपा शब्द घालणारा लेखक पोथी सुवाच्य करीत असतो, पण मूळ अर्थास मुकवितो. आपणांस कारण कळत नाही, एवढ्यावरून कारण नाही असे ठरत नाही. जुन्या ड्रायव्हरच्या परीक्षकाने हे वाक्य नेहमी मनाशी बाळगावे.

४. पण बदल टळतही नाही

मग जुन्यास हात लावूच नये काय? तसेही नाही. भोवतालचे नियम बदलले की जुन्यासही बदलावे लागते.

पूर्वी संगणकात एकच प्रोसेसर असे. ड्रायव्हरला नाजूक काम करावयाचे झाले, की तो कार्डांकडून येणाऱ्या हाका काही क्षण बंद ठेवी आणि निर्धास्तपणे काम उरकी. एकाच दाराची खोली. दार लावले की झाले. १९९६ मधील लिनक्सच्या २.० या आवृत्तीपासून एकाहून अधिक प्रोसेसरांचे संगणकही चालू लागले, म्हणजे खोलीस अनेक दारे झाली. काही काळ सर्व दारे एकदम लावणारी एक आज्ञा ठेवण्यात आली होती. परंतु तिने सगळे प्रोसेसर खोळंबत, म्हणून २००२ मध्ये २.५ या विकासमालिकेत ती काढून टाकण्यात आली. प्रत्येक ड्रायव्हरने आपल्या कामापुरते स्वतःचे कुलूप वापरावे, असा नवा नियम झाला. ज्या ड्रायव्हरांकडे कोणी पाहिले त्यांस कुलूप मिळाले. ज्यांच्याकडे कोणी पाहिले नाही, त्यांच्यावर ‘अनेक प्रोसेसरांवर बिघडलेले’ अशी खूण राहिली.

अलीकडचे उदाहरण २०२१ चे आहे. मोठ्या यंत्रांवर जोडण्यांची संख्या फार वाढली, तेव्हा पत्त्यांची यादी धुंडाळण्यात वेळ जाऊ लागला. म्हणून पत्ते झाडासारख्या फांद्या असलेल्या रचनेत ठेवण्याचे ठरले. आता पत्ता परस्पर कोणी बदलला, तर झाडातील त्याचे स्थान चुकणार. यासाठी असा नियम करण्यात आला की पत्त्याच्या जागेवर कोणत्याही ड्रायव्हरने थेट लिहू नये. त्यासाठी नेमलेल्या एकाच आज्ञेमार्फत लिहावे. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ५.१७ या आवृत्तीत थेट लिहिण्याची वाट बंदच झाली.

नियम सोपा, पण त्यासाठी शेकडो ठिकाणी बदल करावे लागले, आणि त्यांत ज्यांचा या झाडाशी कधीच संबंध येणार नाही असे जुने ड्रायव्हरही होते. ते कार्डातून एकेक बाइट वाचून तेथल्या तेथे पत्त्याच्या जागी मांडीत असत. आता प्रथम सहा बाइट निराळ्या जागी गोळा करावयाचे आणि मग एकदम सुपूर्द करावयाचे. परीक्षकाने येथे काय पाहावे? काही कार्डे बाइट न देता दोन बाइटांची जोडी देतात. ती सोडविताना पुढचा मागे आणि मागचा पुढे झाला नाही ना? सहाही जागा भरल्या गेल्या ना? पत्ता लिहिण्याआधीच तो वाचून वापरणारी ओळ मध्ये कोठे आहे काय? बदल तीन ओळींचा असतो. पण त्या तीन ओळींसाठी तीस ओळी वाचाव्या लागतात. त्या वाचल्या नाहीत, तर कोठेतरी एक जुना संगणक दुसऱ्या दिवशी मुका होतो, आणि त्याच्या धन्यास कारण उमगत नाही.

५. पुसलेली पाटी

जुन्यात शहाणपण असते तसे दोषही असतात, हे न सांगणे अप्रामाणिकपणाचे होईल. ईथरनेटच्या नियमाप्रमाणे निरोपाचा मजकूर ४६ बाइटांहून लहान असून चालत नाही. कोणाचा पत्ता, कोणाकडून आणि कसला निरोप यांचे १४ बाइट मिळवून ६० होतात, आणि शेवटी तपासणीचे ४ धरून ६४. मजकूर ४० बाइटांचाच असला, तर उरलेल्या ६ जागा शून्यांनी भरावयाच्या असतात.

जानेवारी २००३ मध्ये ओफिर अर्किन आणि जोश अँडरसन या संशोधकांनी दाखवून दिले की अनेक ड्रायव्हर ही शून्ये भरीतच नाहीत. स्मृतीत आधी जे काही लिहिलेले असे, तेच त्या रिकाम्या जागांतून बाहेर पाठविले जाई. पाटी अर्धवट पुसून तिच्यावर नवे गणित लिहावे, आणि कडेला कालच्या उत्तराचे आकडे तसेच दिसत राहावेत, असा हा प्रकार. त्या आकड्यांत कोणाचे खाजगी अक्षरही असू शकते. हा दोष एकाच प्रणालीत नव्हता. आणि तो पसरण्याचे कारणही बोधप्रद आहे. नवा ड्रायव्हर लिहिताना जुना समोर ठेवून तो गिरवण्याची चाल होती. गुणांबरोबर दोषही उतरले. लिनक्समध्ये यावर उपाय म्हणून उरलेली जागा शून्यांनी भरणारी एक सामाईक आज्ञा करण्यात आली आणि ती ड्रायव्हरांत घालण्यात आली. म्हणून एका ड्रायव्हरमध्ये चूक आढळली, की चांगला परीक्षक त्याच्या भावंडांकडेही नजर टाकतो.

६. यंत्र समोर नसताना

आता सर्वांत कठीण प्रश्न. बदल करणाऱ्याजवळ ते कार्ड नाही, परीक्षकाजवळही नाही. अशा वेळी दोन आधार उरतात. पहिला, कृत्रिम यंत्र. ‘क्यूईएमयू’ नावाची आज्ञावली संगणकाच्या आत दुसरा संगणक उभा करते, आणि एनई२००० व ८१३९ या कार्डांची नक्कलही करते. तिच्यावर बदल चालवून पाहता येतो. परंतु नक्कल ती नक्कल. खऱ्या चिपची भरवशाची नसलेली ती खूण, तिला लागणारा वेळ, तिचे वयोमानाने आलेले रुसवे नकलेत उतरतीलच असे नाही.

दुसरा आधार प्रामाणिकपणाचा. ‘हा बदल फक्त संकलित करून पाहिला आहे, खऱ्या कार्डावर चालवून पाहिलेला नाही’ असे स्पष्ट लिहिण्याची तेथे प्रथा आहे. हे वाक्य कमीपणाचे नाही. उलट पुढे कधी बिघाड झाला, तर शोध कोठून सुरू करावा हे त्यावरूनच कळते. आमच्या मते संपूर्ण परीक्षणपद्धतीत याहून मोलाचे वाक्य नाही.

७. निरोप देण्याची वेळ

तरीही एक वेळ अशी येते की ठेवण्याचा खर्च उपयोगाहून अधिक होतो. प्रत्येक सार्वत्रिक बदलाच्या वेळी कोणीतरी त्या जुन्या ओळी वाचावयाच्या, आणि वापरणारा मात्र जगात कोणी उरलेला नाही, असे झाले तर ते श्रम व्यर्थ होत. लिनक्सच्या नोंदवहीत प्रत्येक विभागापुढे त्याचा पालक कोण हे लिहिलेले असते. पालक नसल्यास ‘अनाथ’ असा शेरा असतो. २०१२ मध्ये ३.५ या आवृत्तीतून टोकन रिंग या जुन्या जाळ्याचा आधार काढण्यात आला. २०१३ च्या ३.९ या आवृत्तीत ३सी५०१, ३सी५०५, ३सी५०७ यांसारख्या जुन्या कार्डांचे ड्रायव्हर काढले गेले. त्या वेळी अधिक प्रचार असलेल्या ३सी५०९ आणि एनई२००० यांचे मात्र राखून ठेवण्यात आले.

यातही रीत आहे. काढण्याचा प्रस्ताव आधी उघडपणे मांडला जातो. कोणी वापरीत असेल त्याने बोलावे, अशी संधी असते. काढलेल्या ओळी इतिहासात शाबूत राहतात, आणि उद्या कोणी पालक पुढे आला तर परत आणता येतात. कोणी न पाहता नावापुरता ठेवलेला, आतून कुजलेला ड्रायव्हर हा दिलेला शब्द न पाळण्यासारखा आहे. त्यापेक्षा सन्मानाने दिलेला निरोप बरा. परंतु कोणास न विचारता, न वाचता केलेली मोडतोड ही त्या दोहोंहूनही वाईट.

विद्यार्थिमित्रांनो, तुमच्यापैकी थोडेच पुढे ड्रायव्हर लिहितील. पण दुसऱ्याने लिहिलेले तपासण्याची वेळ प्रत्येकावर येईल : शेजाऱ्याचा निबंध असेल, पतपेढीचा हिशेब असेल, वडिलांनी करून ठेवलेला एखादा जुना कागद असेल. तेव्हा आधी समजून घ्यावे, मग बदलावे. जेवढे तपासले तेवढेच तपासले म्हणून सांगावे. आणि जो माणूस आपणांस दिसत नाही, पण आपल्या कामावर विसंबून आहे, त्याची आठवण ठेवावी. एवढे या लहानशा, अप्रसिद्ध क्षेत्राकडून शिकण्यासारखे आहे.

अभ्यासासाठी प्रश्न

१. ‘परीक्षण केले’ आणि ‘चाचणी घेतली’ या दोन नोंदी वेगळ्या का ठेवल्या असाव्यात?
२. ईथरनेटच्या निरोपात मजकूर २८ बाइटांचा असल्यास किती जागा शून्यांनी भराव्या लागतील?
३. दहा मिलिसेकंद थांबण्याच्या ओळीजवळ टीप नसती, तर परीक्षकाने काय करावयास हवे होते?
४. तुमच्या घरातील वा गावातील एखादी जुनी रीत घ्या. तिचे कारण वडीलधाऱ्यांस विचारून लिहा, आणि ती ठेवावी, बदलावी की सोडावी याविषयी आपले मत कारणांसह मांडा.